कोंबडीला चाललं म्हणून टर्कीला चालत नाही

बेसा, हिंगणा, कामठी, कोराडी अशा नागपूर शहराच्या कडेच्या भागांत ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे चार पक्षी फिरतात, त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. त्याचा सारांश असा: कोंबड्या, टर्की, बदकं, राजहंस एकत्र पाळायला वेगवेगळं खाद्य लागत नाही. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं, एक पोतं आणा, लहानमोठ्या सगळ्यांना तेच अंगणात टाका. खर्च वाचवायचा तर त्यात अर्धी कनकी (तांदळाचा चुरा) आणि सरकीची किंवा शेंगदाण्याची ढेप मिसळा. बदकं पाण्यातून आपलं आपण मिळवतात, टर्की आणि राजहंस गवतावर आणि अझोल्यावर (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) वाढतात. वेगळं खाद्य म्हणजे कंपन्यांचा धंदा. आणि शेवटी पुरावा: ‘आमच्या कोंबड्या वर्षानुवर्षं हेच खातात, कधी काही झालं नाही.’

हे शेवटचं वाक्य खरं असेलही. गोम तिथेच आहे. खाद्याच्या बाबतीत या चौघांत कोंबडी बरीच चिवट आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यांची परीक्षा तिच्यावरच घेतली आहे.

आधी लेअरचं बघू. पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के लिहिलेलं असतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला एवढं लागतंच. वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. ते अंडी घालत नाही, मग वरचं सगळं कॅल्शियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडावर येतं. मूत्रपिंड थकलं की युरिक आम्ल अंगातच साचतं. असं मेलेलं पिल्लू फाडून पाहिलं तर यकृतावर आणि हृदयावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. लोक याला ‘मर लागली’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानात जातात. मर वगैरे काही नसते, पोतं चुकलेलं असतं.

तरी ‘सगळ्यांना एकच खाद्य’ ही कल्पना पूर्ण टाकाऊ नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या झालेल्या पक्ष्यांना एक खाद्य चालतं, फक्त ते लेअर नको. सोळा-अठरा टक्के प्रथिनांचं ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, सगळ्यांपुढे ठेवा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. अंड्यावरची कोंबडी किंवा बदकीण संध्याकाळच्या सुमारास स्वतःच त्या भांड्याकडे वळते. नर आणि वाढती पिल्लं तिकडे फारशी फिरकत नाहीत. कॅल्शियम कोणी किती खायचं हे पक्ष्यावर सोडता येतं, पण ते खाद्यातच कालवलेलं असेल तर त्याला निवड उरत नाही.

आता अर्धी कनकी. कनकीत प्रथिनं सात-आठ टक्के. सतरा टक्क्यांच्या लेअरमध्ये ती अर्धी घातली की मिश्रण साडेबारावर येतं. कोंबडीच्या पिल्लाला अठरा ते वीस टक्के लागतात, आणि टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २८ टक्के, पुढचे चार आठवडे २६. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पंख विरळ येतात, पायात जोर राहत नाही, आणि मग ‘टर्की नाजूक जात, नागपूरची हवा मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हवेचा वाटा आहे, नाही असं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो आणि खाणं बरंच कमी करतो. पण मग जेवढं पोटात जाईल त्यात तरी कस हवा. नेमकं तेव्हाच कनकी घालून ते पातळ करायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावं, दुपारी फक्त थंड पाणी.

टर्कीच्या पिल्लाची आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याने पाहिलेलीच दिसत नाही. खाद्याने भरलेल्या भांड्याशेजारी उभं राहून ते तुसात चोच मारत बसतं. त्याला नीट दिसत नाही, आणि खायला शिकवणारी आई जवळ नसते. पहिल्या आठवड्यात मरणारी बरीच पिल्लं रोगाने मरत नाहीत, भुकेने मरतात. आपल्याकडची जुनी शिफारस इथे कामाची आहे: दर दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं बारीक करून, आणि लिटरभर पाण्यात शंभर मिलिलिटर दूध, असं पहिले पंधरा दिवस. खाद्यावर बारीक चिरलेला पालक किंवा सांबार (कोथिंबीर) भुरभुरला तर हिरव्या रंगाकडे ती ओढली जातात. काही जण भांड्यात रंगीत गोट्या टाकतात, तोही उपाय चालतो.

मूळ खाद्य म्हणून बाजारात २२-२३ टक्क्यांचं ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं खाद्य, मिळतं. अंड्याची जोड दिली तर त्यावर काम भागतं, पण ते घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारायचाच: यात सॅलिनोमायसिन आहे का? ब्रॉयलरला रक्ती हगवण होऊ नये म्हणून ते खाद्यात घालतात. कोंबडीला त्याने काही होत नाही. टर्कीला तेच विष आहे: पाय लुळे पडतात आणि पक्षी जातो. उत्तर मिळालं नाही तर ते पोतं घेऊ नये.

‘बदकं पाण्यातून मिळवतात.’ भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत सोडलेली बदकं मिळवतात, खरं आहे. तिथे गोगलगायी असतात, किडे असतात, सांडलेला दाणा असतो. आपल्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात नळाचं पाणी असतं.

बदकाची खरी अडचण नायसिनची, म्हणजे एका बी जीवनसत्त्वाची आहे. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे २७ ते ३५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, बदकाच्या पिल्लाला ५५, टर्कीच्या पिल्लाला ६०. शिवाय मक्यातलं नायसिन अशा रूपात असतं की पक्ष्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. कमी पडलं की बदकाच्या पायाचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसून राहतं. लक्षात येताच पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स किंवा खाद्यात ब्रुअर्स यीस्ट दिलं तर बरंच सावरतं. उशीर झाला तर वाकलेले पाय तसेच राहतात. नागपूरकरांना यासाठी लांब जायला नको, पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे.

आणि बदक खाताना कधी नीट पाहा. चोचीत भुकटी भरते, तशीच पाण्याकडे धावते, चोच बुडवून खळखळवते, परत येते. अर्ध्या तासात पाण्याच्या भांड्यात पेज तयार. जुलैत ती दुपारपर्यंत आंबते, आणि तेच पाणी शेजारची टर्कीची पिल्लं पितात. बदकांचं पाणी वेगळं आणि दूर ठेवा, पण नाकपुड्या बुडतील इतकं खोल ठेवा. कोंबडीच्या पिल्लांच्या भांड्याची उथळ कड त्यांना पुरत नाही. कोरड्या भुकटीऐवजी दाणेदार खाद्य (क्रम्बल किंवा पेलेट) द्यावं. नाहीतर भुकटी थोडी थोडी ओलवून द्यावी, एका वेळी खाऊन संपेल एवढीच.

राजहंसाबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. तो खरंच गवतावर राहतो. चार आठवड्यांनंतर त्याला पंधरा टक्के प्रथिनं पुरे होतात, उलट जास्त कसदार खाद्याने पिल्लांचे पंख टोकाशी बाहेर वळतात. टर्कीलाही मोठेपणी हिरवा चारा बराच चालतो, लसूणघास तर उत्तमच. पण ‘मोठेपणी’ हा शब्द मेसेजमधून गळला आहे. अझोल्याचं म्हणाल तर तो नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. किलोभर ताज्या अझोल्यातून प्रथिनं पंधराएक ग्रॅम मिळतात, म्हणजे अडीच अंड्यांएवढी. पूरक म्हणून ठेवा, सावलीत ठेवा. उघड्यावरचा अझोला नागपूरच्या मे महिन्यात तग धरत नाही.

ढेपेचा सल्ला सगळ्यात घातक. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. कारण कळेना म्हणून आधी त्याला ‘टर्की एक्स’ रोग असंच नाव पडलं. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली. तिच्यावर बुरशी होती आणि बुरशीत जे विष निघालं त्याला आज आपण अफ्लाटॉक्सिन म्हणतो. त्याच पेंडीने बदकांची पिल्लंही मेली. टर्की आणि बदक या विषाला फार हळवे, कोंबडी त्या मानाने सोसते. त्यामुळे ‘कोंबड्यांना काही झालं नाही’ हा पुरावा इथे तर उलटाच पडतो. पावसाळ्यात उघडं पोतं ओल धरतं, तळाशी गुठळ्या होतात, कुबट वास येतो. ते झटकून, उन्हात टाकून शुद्ध होत नाही. विष तसंच राहतं. फेकून द्या, आणि जनावरांनाही घालू नका.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असतं. कोंबडीने ती जास्त खाल्ली की ठेवलेल्या अंड्यातला बलक शेवाळी होतो. कच्चं सोयाबीन घरचं आहे म्हणून भरडून घालणारेही आहेत. त्यातला घटक प्रथिनं पचूच देत नाही. भाजून द्या, नाहीतर तेल काढलेली सोयाबीनची पेंड (डीओसी) वापरा.

‘अंगणात टाका’ हेही नको. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड या टर्कीच्या रोगाचे जंतू मातीत जातात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. कोंबडी ठणठणीत दिसते, मातीतलं खाणारी टर्की मरते. खरं तर दोघांना एका जागेत ठेवूच नये. जागेअभावी ठेवावंच लागलं तर खाद्य टांगलेल्या भांड्यात, पाठीच्या उंचीवर.

उरला खर्च. टर्कीचं भारी जातीचं पिल्लूसुद्धा पहिल्या चार आठवड्यांत दीड किलोच्या आसपास खातं. सगळ्यात महागडं खाद्य एवढ्यालाच लागतं, आयुष्यभर नाही. चार पिल्लांना सहा-सात किलो झाले. पिल्लांसाठी फळ्यांचा एक कप्पा करा, फटी एवढ्याच ठेवा की मोठी कोंबडी आत शिरणार नाही. बदकाचं पिल्लू शिरेल, शिरू द्या. पहिले दोन आठवडे त्यालाही २२ टक्के लागतातच. राजहंसाची पिल्लं तेवढी तिथून हाकला.