चाळीस वर्षांनी बोललेल्या माणसाला पुण्यात काय मिळणार?

गेल्या डिसेंबरात कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात आमच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा होता. जेवणं झाल्यावर एक वर्गमित्र उठला आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की सातवीत असताना सुट्टीतल्या निवासी संस्कार शिबिरात तिथला एक दादा रात्री त्याच्यावर अत्याचार करत होता. पुढच्या वर्षीही त्याला त्याच शिबिराला पाठवलं गेलं. संस्था नावाजलेली आहे. आमच्यातल्या निम्म्यांच्या देवघरात तिच्या गुरूंचा फोटो असेल.

तेव्हापासून जो वाद सुरू झाला, तो मी मेलबर्नला परतल्यावरही फोनवर चालू आहे. इतक्या वर्षांनी कशाला? तो दादा हयात तरी आहे का? एका मैत्रिणीने तर अगदी कळवळून म्हटलं, "अगं, झालं ते वाईटच, पण गुरूंच्या नावाला बट्टा नको लागायला."

हे बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. त्या मैत्रिणीचे वडील ससूनमध्ये होते तेव्हा याच संस्थेचे सेवेकरी महिनाभर डबा पोचवत होते. हे ऋण खरं आहे, म्हणून तिला वाईट वाटतं. पण डबा देणारे हात आणि पोराच्या पांघरुणात शिरणारा हात एकाच संस्थेत असू शकतात, आणि डब्याच्या पुण्याईवर दुसरा माफ होत नाही.

"इतक्या वर्षांनी" या आक्षेपाला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, शाळा, अनाथालयं, चर्च, क्लब अशा संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. ८,००० हून अधिक माणसं आयुक्तांसमोर बसून बोलली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे अनुभव धार्मिक संस्थांमधले होते. घडलेलं पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी सुमारे २४ वर्षं लागली होती. आमचा मित्र काही वेगळा नाही. लहान मूल त्या वयात बोलत नाही, कारण ज्यांना सांगायचं तेच त्या दादाच्या पाया पडत असतात.

आणि हे फक्त चर्चपुरतं नव्हतं. सिडनीच्या उत्तरेला मॅन्ग्रोव्ह माउंटन इथे सत्यानंद योगाश्रम आहे, मूळ आपल्या बिहारच्या परंपरेतला. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे वाढलेल्या मुलांनी २०१४ मध्ये कमिशनसमोर साक्ष दिली. भगवी वस्त्रं, गुरुआज्ञा, आईवडिलांपासून लांब ठेवलेली मुलं. ते वाचताना मला परकं काही वाटलं नाही. आश्रमप्रमुख अखंडानंद याला त्याआधीच शिक्षा झाली होती, पण १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण मुदतीचं होतं: मूळ गुन्ह्याचा खटला १२ महिन्यांत भरायला हवा होता आणि दुसरं कलम लावून ती अट टाळता येत नव्हती.

कमिशनची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे खाजगी बैठका. साधी खोली, समोर एक-दोन आयुक्त, सोबत हवं तर आपलं माणूस. शपथ नाही, उलटतपासणी नाही. सरकारने नेमलेला माणूस शांतपणे ऐकतो आणि लिहून घेतो. शिवाय संस्थांचे जुने कागद मागवायचा अधिकार कमिशनला होता. त्या कागदांतून कळलं, की तक्रारी तेव्हाच वरपर्यंत पोचल्या होत्या आणि माणूस फक्त दुसऱ्या गावी हलवला गेला होता.

इथे ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. २०१८ साली सुरू झालेल्या भरपाई योजनेत कमाल रक्कम दीड लाख डॉलर आहे आणि अनेकांना त्याहून खूप कमी मिळते. २०२४ च्या नोव्हेंबरात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धर्मगुरू हा बिशपच्या कार्यालयाचा नोकर नव्हता, म्हणून त्याच्या कृत्याचं दायित्व आपोआप त्या कार्यालयावर येत नाही. आपल्याकडचा सेवेकरीही पगारी नोकर नसतो. उद्या पुण्यात दावा उभा राहिला तर हाच बचाव ऐकायला मिळेल.

पण पुण्यात दावा उभा राहणार कसा? बाल लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि मागच्या घटनांना तो लागू होत नाही. त्याआधीच्या दंडसंहितेत बलात्काराचं कलम मुलग्याला लागू नव्हतं. अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ होतं, पण ते ठरावीक कृत्यांपुरतं. बाकी सगळं साध्या मारहाणीच्या कलमांत ढकललं जायचं आणि त्यांची मुदत वर्षभरातच सरते. दिवाणी भरपाई मागायची तर १९६३ चा मुदत कायदा सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं देतो. म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत त्याने वकील गाठायला हवा होता, ज्या वयात त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. व्हिक्टोरिया राज्याने ही दिवाणी मुदत २०१५ मध्ये काढून टाकली, जुन्या घटनांसाठीसुद्धा. हे आपल्याकडे का होऊ नये?

एका बाबतीत महाराष्ट्र पुढे आहे, आणि पुण्यातल्या वादात त्याचा उल्लेखच होत नाही. आपल्या बहुतेक देवस्थानांची आणि संप्रदायांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असते. विश्वस्त कोण हे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी असतं, दरवर्षी हिशेब तपासले जातात. ऑस्ट्रेलियातल्या काही पीडितांना वर्षानुवर्षं उत्तर मिळत होतं, की चर्च ही कायद्याच्या दृष्टीने दावा लावता येईल अशी व्यक्तीच नाही. आपल्याकडे दार कुठलं ठोठवायचं हे तरी माहीत आहे. दानपेटीतल्या नोटांचा हिशेब मागणाऱ्या कार्यालयाने शिबिरात मुलं कुणाच्या ताब्यात झोपतात, त्या माणसाची पडताळणी झाली का, तक्रारींची वही आहे का, हेही विचारावं. आमच्या मेलबर्नच्या मराठी शाळेत रविवारी बाराखडी शिकवायची तरी सरकारी तपासणीचं कार्ड लागतं. सुरुवातीला "आपल्याच माणसांत कसलं कार्ड?" अशी कुरकुर झाली. आता कुणी बोलत नाही.

चौकशी आयोग पुण्याला नवे नाहीत. पानशेत फुटलं तेव्हा नेमला होता, कोरेगाव भीमानंतरही नेमला गेला. मग मुलांसाठी एक नेमा, बंद खोलीत ऐकणारा आणि सर्व धर्मांच्या संस्थांचे कागद मागवणारा.

तोवर स्वतःहून उत्तर द्यायला संस्थेला कुणी अडवलेलं नाही. मित्राने विश्वस्तांना पत्र लिहून त्या दोन वर्षांच्या शिबिरांतल्या कार्यकर्त्यांची यादी मागितली आहे. तो दादा आजही कुठल्या बालवर्गात जातो का, हाही प्रश्न त्यात आहे. वर्गातल्या काही जणांनी खाली सह्या केल्या आहेत आणि मीही केली आहे. माझ्या मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, की तुझे गुरू तुला खरे वाटतात ना, मग त्यांच्या विश्वस्तांना उत्तर द्यायला तूच सांग. तुझं ते ऐकतील.