कोंबडीचा ताप

श्रावण लागण्यापूर्वीच्या रविवारी सासुरवाडीच्या मंडळींनी कर्जतजवळ एक बंगला भाड्याने घेऊन अंगणात कोंबडी भाजण्याचा बेत केला, आणि त्या अंगणात माझा जो पाणउतारा झाला तो मी अद्याप विसरलेलो नाही. कारण अगदी क्षुल्लक होते: मांसात खुपसून आतली उष्णता दाखवणारा छोटा तापमापक मी खिशातून बाहेर काढला.

भाजण्याचे सर्वाधिकार माझ्या थोरल्या साडूंकडे होते. मसाला लावलेली कोंबडी डब्यात भरून त्यांनी ठाण्यालाच डिकीत ठेवली होती, आणि वाटेत वडापावासाठी, मग धबधब्यासाठी, मग त्याहून चांगल्या धबधब्यासाठी थांबत आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात, म्हणून कच्चे मांस बर्फाविना दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे मी गाडीतच सुचवले होते. "दही-लिंबू लावलंय, त्यात जंतूच काय, जंतूंचा बापही जगत नाही," असा निर्वाळा पुढच्या सीटवरून मिळाला. आंबटाने मांस मुरते, पण जंतूंचा नायनाट होतोच असे नाही. मात्र मागच्या सीटवर बसलेल्या जावयाचे कोण ऐकतो?

कोळशांवर राखेचा पांढुरका थर धरण्याची वाट न पाहता साडूंनी तंगड्या थेट ज्वाळांवर ठेवल्या. त्या बाहेरून काळ्या पडल्या तेव्हा मी तापमापक काढून, हाडाला टेकणार नाही अशा बेताने, सर्वांत जाड भागात खुपसला.

"हे काय?"

"७४ अंश दाखवले की झाली, साडूभाऊ."

साडू वळले आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "अहो, या सगळे! आपल्या साडूभाऊंनी कोंबडीचा ताप बघायला घेतलाय!" नातवाला ताप आला असे समजून सासूबाई धावत आल्या, आणि खरा प्रकार कळल्यावर परत न जाता खुर्ची ओढून बसल्या. मेव्हण्याने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पुरेल का, अशी पृच्छा केली.

"५८," मी वाचले. "आत कच्ची आहे."

"पण पेशंट दगावलाय ना?"

"पेशंट नव्हे, जंतू दगावायला हवेत."

"म्हणजे तुम्ही डॉक्टर की मारेकरी?"

हशा ओसरेपर्यंत साडूंनी तंगडी बोटाने दाबली, डोळे मिटले, तिच्याजवळ कान नेला (शपथेवर सांगतो, कान!) आणि "झाली" असे जाहीर केले. त्यांच्या आजोबांनी म्हणे रानडुक्कर भाजले होते, तेव्हा कुठे होता तापमापक? दुसऱ्या दिवशी आजोबांचे पोट कसे होते, याविषयी त्या कथेत कधीच काही नसते.

इथपर्यंत मी हसून घेतले. पण कच्च्या तंगड्या ज्या परातीत होत्या, तिच्यातच भाजलेल्या तंगड्या परतल्या, आणि तळाशी उरलेला, कच्च्या मांसाचे पाणी सुटलेला मसाला न उकळताच ब्रशने त्यांच्यावर फासला गेला, तेव्हा मात्र मला खरोखर संताप आला. मी दुसरी परात मागितली. "भांडी कोण घासणार?" असे साडूंनी विचारले, आणि ज्याने जन्मात परात घासलेली नाही त्या माणसाच्या तोंडचा हा प्रश्न सर्वांना बिनतोड वाटला. माझ्या वाट्याची तंगडी मी ७४ अंशांपर्यंत पुन्हा भाजली. "वाळवली," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत होते आणि तसे त्यांनी मला आवर्जून कळवले. कोंबडीतला कँपिलोबॅक्टर नावाचा जंतू बहुधा दोन ते पाच दिवसांनी उपद्रव देतो, हे सांगण्याची सोय उरली नव्हती. तीन-चार दिवसांनी साडू आणि मेव्हणा दोघांचीही पोटे बिघडली, तेव्हा मधल्या काळात खाल्लेल्या पाणीपुरीवर खापर फोडून सगळे मोकळे झाले. पावसाळ्यात बाहेरचे खाऊ नये, असा संदेश साडूंनी कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला, आणि त्याखालीच पुढच्या बेतातल्या कामांची वाटणीही केली: कोंबडी त्यांच्याकडे, कोळसा मेव्हण्याकडे, आणि मी फक्त कांदा-लिंबू चिरायचे.