चार हुतात्मा पुतळ्यांसमोरचे फलक आणि आपण

सोलापूरच्या पार्क चौकातल्या चार हुतात्मा पुतळ्यांसमोर वाढदिवसाचे, निवडीचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स कोणत्याही कारणाने लागू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रिक्षावाल्याला आपण सहज ‘चार पुतळ्यापाशी सोडा’ म्हणतो आणि उतरून आपापल्या कामाला लागतो. त्या चौघांकडे मान वर करून पाहणारा माणूस क्वचितच दिसतो.

परवा भाचीला घेऊन मी मुद्दाम तिथे गेलो. गळ्यातले हार वाळून गेले होते, झेंडूच्या पाकळ्या गळून नुसता दोरा लोंबत होता. तिने चारही चेहरे बराच वेळ निरखले आणि विचारले, “मामा, हे सगळे भाऊ होते का?”

भाऊ तर नव्हतेच, पण एका जातीधर्माचेही नव्हते. मल्लप्पा धनशेट्टी लिंगायत समाजातले, श्रीकिसन सारडा मारवाडी, जगन्नाथ शिंदे मराठी घरातले आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन अवघ्या विशीतले मुस्लिम तरुण. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचे हे शहर रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, आणि मग इंग्रज सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला, ज्यात गांधी टोपी घालणाऱ्यालाही सोडले गेले नाही. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांवर खटला चालवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात त्यांना फासावर चढवण्यात आले.

हा इतिहास तिला सांगताना मला प्रकर्षाने जाणवले, की चार वेगवेगळ्या घरांतली माणसे एकाच चौथऱ्यावर शेजारी शेजारी उभी असणे, हेच या शिल्पाचे खरे बळ आहे. एकट्या वीराचे पुतळे गावोगावी असतात. असा चौघांचा एकत्र पुतळा आपल्या गावाचीच ओळख सांगतो. (या गावात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू आजही घराघरांत बोलली जाते.) म्हणूनच प्रत्येकाच्या कामाची चार-सहा ओळींची माहिती या चारही भाषांत, उभे राहून सहज वाचता येईल इतक्या उंचीवर तिथे असायला हवी. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) धामधुमीत १२ जानेवारीला हार घातले जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ते हार वाळण्याआधी उतरवण्याची जबाबदारीही कुणीतरी घ्यावी.

आपल्या भागातल्या नगरसेवकांना मी या मागणीचे लेखी निवेदन देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कळवावे. शाळाशिक्षकांची साथ मिळाली तर चार भाषांतला मजकूर आपणच तयार करून देऊ.