पंधरा गुंजांचा रॉक

मामाने फर्ग्युसनच्या दिवसांतल्या त्याच्या तबकड्या माझ्या हवाली केल्या त्या एकाच अटीवर: "ऐकायच्या. भिंतीवर टांगायच्या नाहीत." डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन. टर्नटेबल मला एका रविवारी जुन्या बाजारात मिळालं. सगळं शाबूत, फक्त सुई जिच्यात असते ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, नव्हतं. म्हणजे पेन होतं, निब नव्हती.

सुईच ती, असं समजून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या माणसाने मला शिवणयंत्रवाल्याचा पत्ता दिला.

मग एका हाय-फाय दुकानात. मालकांनी विचारलं, "काय ऐकता?"

"रॉक. सत्तरच्या दशकातलं."

त्यांनी समोरचं काचेचं कपाट हळूच बंद केलं. "मग काहीही चालेल." किराणा घराणं म्हणालो असतो तर निदान चहा आला असता.

ऑफिसातला एक मित्र या विषयातला जाणकार. त्याच्या मते मूव्हिंग कॉइलशिवाय जगण्यात अर्थ नाही. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईच्या दांडीला लोहचुंबक असतं, मूव्हिंग कॉइलमध्ये तारेचं वेटोळं. पहिल्यातून चार-पाच मिलिव्होल्ट येतात, दुसऱ्यातून बहुतेक वेळा अर्धा मिलिव्होल्टसुद्धा नाही, म्हणून ते वाढवायला आणखी एक डबा घ्यायचा. "आणि घाट शिबाटाच घे," तो म्हणाला. घाट म्हणजे सुईच्या टोकावरच्या हिऱ्याचा. शिबाटा हा सत्तरच्या दशकात चार चॅनलच्या तबकड्यांसाठी जपानात निघालेला. साध्या गोल टोकाने मामाच्या होस्टेलात खोबणीच्या भिंती जिथे झिजवल्या, ती जागा सोडून ही अरुंद धार दुसरीकडे टेकते. कधी तिथे कोरा आवाज सापडतो, कधी तीच खरखर जास्त बारकाईने ऐकू येते. दोन्ही शक्यता त्याने सारख्याच उत्साहाने सांगितल्या.

मामाला फोन केला. "कसलं कार्ट्रिज? सुई उडाली की वर चार आणे ठेवायचे." लेड झेपेलिनच्या 1969 मधल्या दुसऱ्या आल्बमची पहिली छपाई इतकी दणदणीत होती म्हणतात, की स्वस्त प्लेअरवर सुई उड्या मारायची आणि तो पुन्हा मवाळ करून कापावा लागला. पण तिकडे कोणी चार आणे सुचवले नसावेत.

शेवटी ऑर्टोफॉन कंपनीचं लाल कार्ट्रिज घेतलं. मूव्हिंग मॅग्नेट, लंबगोल टोक, आणि पुढेमागे पैसे आले तर त्याच अंगावर निळी सुई बसते. घरात किंमत निम्मी सांगितली.

खरी परीक्षा बसवताना. केसाएवढ्या चार तारा, पांढरी, निळी, लाल, हिरवी, बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने खोवल्या. कोन जुळवायचा कागदी तक्ता झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. त्याने प्रेमाने तो 'पानात बसवून' दिला, म्हणजे तीन टक्के लहान. हे मला दोन तास स्क्रू फिरवल्यावर कळलं.

मग वजन. सुईचा दाब हवा 1.8 ग्रॅम, तो टर्नटेबलच्या हातामागचं वजन फिरवून जुळवायचा. स्वयंपाकघरातला काटा शून्याच्या पुढे सरकेना. सोनारांकडे असतो तसला खिशातला काटा मागवला. पार्सल आईने उघडलं आणि तिचे डोळे चमकले. "सोनं घेतलंस?" म्हटलं, नाही, सुई तोलायचीय. "किती?" एक पॉइंट आठ. तिने मनात हिशेब केला. "म्हणजे पंधरा गुंजा. सोनाराचे दोन मासेसुद्धा नाही. आणि एवढ्यासाठी आठवडाभर जेवायला दहा वाजवतोयस?"

रविवारी मामा आला. मी त्याची डीप पर्पल लावली. सुई टेकली, ऑर्गन घुमला, ड्रम छातीत वाजले. मामा डोळे मिटून मान डोलावत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्याने अचानक मान डावीकडे झटकली आणि तशीच अडकवून ठेवली. गाणं पुढे निघून गेलं.

"इथे उडायची," तो म्हणाला. "चार आणे ठेवूनसुद्धा."

"आता नाही उडत."

"पंचेचाळीस वर्षं हे गाणं मी तसंच म्हणतोय रे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग टर्नटेबलकडे वाकून, आई ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे चार आणे आहेत का बघ. आणि ते मागचं वजन जरा सैल कर."