त्या यादीत खोली ६१० नाही

आज सकाळपासून तीन ग्रुपवर एकच यादी येऊन पडलीय. ‘एपस्टीन फाइल्समधले हार्वर्डवाले’. म्हणजे लैंगिक गुन्ह्यांत अडकलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन, त्याच्याबद्दलचे कागद, आणि त्यांत सापडलेली हार्वर्ड विद्यापीठाची माणसं. डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. आकडा कसला, तर खुल्या झालेल्या कागदपत्रांत ते नाव किती वेळा सापडलं त्याचा. मोठा आकडा वर, छोटा खाली. सोबत एका कागदाचा स्क्रीनशॉट. शेवटी नेहमीचंच: हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, पुढे पाठवा.

अहो, कुणी सांगणार नाही काय? मे २०२० मध्ये हार्वर्डने एपस्टीनशी असलेल्या आपल्या संबंधांवर स्वतः अहवाल काढला. चाळीसहून जास्त लोकांशी बोलून, अडीच लाखांवर पानं चाळून. तो तेव्हापासून सगळ्यांसाठी पडून आहे. वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, एवढंच.

यादीत तिसऱ्या नंबरवर एक प्राध्यापक आहेत. नाव इथे लिहीत नाही, आधीच पुरेसं फिरलंय. त्यांच्या आकड्यामागचे कागद एकेक करून उघडले. सगळे उल्लेख एकाच ईमेलच्या साखळीतले. कुणीतरी एका व्याख्यानाचं निमंत्रण पुष्कळ जणांना पाठवलेलं, पत्त्यांच्या रांगेत हे नाव. मग त्यावर इतरांची उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराखाली आधीचा सगळा मजकूर जसाच्या तसा चिकटलेला. उत्तर वाढलं की नाव वाढलं. त्या माणसाने स्वतः त्यात एक ओळ लिहिलेली नाही. तरी तिसरा नंबर!

आणि ज्यावर खरं बोलायला हवं ते यादीत नाहीच, कारण ते कुणा माणसाचं नाव नाही. ती एक खोली आहे.

हार्वर्ड स्क्वेअरजवळ वन ब्रॅटल स्क्वेअर नावाची इमारत आहे. तिच्यात ‘प्रोग्रॅम फॉर इव्होल्यूशनरी डायनॅमिक्स’ हा संशोधन विभाग होता, आणि त्या विभागात खोली ६१०. तिला तिथले लोक ‘जेफ्रीचं ऑफिस’ म्हणायचे. २०१० ते २०१८ या काळात एपस्टीन त्या विभागात चाळीसहून जास्त वेळा येऊन गेला. त्याच्याकडे इमारतीचं की-कार्ड होतं, पासकोड होता. आता तारखा लावून बघा. फ्लोरिडात त्याने गुन्हा कबूल केला ३० जून २००८ ला. म्हणजे या सगळ्या भेटी शिक्षा भोगून बाहेर आल्यावरच्या. लैंगिक गुन्हेगार म्हणून सरकारदरबारी नोंद झालेला माणूस खिशात कार्ड घालून विद्यापीठाच्या दारातून आत येतोय, आठ वर्षं.

बरं, पैसे? १९९८ ते २००८ मध्ये हार्वर्डला त्याच्याकडून ९१ लाख डॉलर मिळाले. त्यातले ६५ लाख २००३ मध्ये याच विभागासाठी. वर्तमानपत्रांत तेव्हा ३ कोटींचा आकडा आला होता, आजही लोक तोच उगाळतात. ३ कोटी हा शब्द दिलेला आकडा, ६५ लाख हे हातात पडलेले. देणगीचं आश्वासन आणि देणगी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने या विषयाला हात लावू नये, एवढं स्पष्ट बोलते. २००८ नंतर विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्ष ड्रू फाउस्ट यांनी नव्या देणग्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. २०१३ मध्ये काही प्राध्यापकांनी पुन्हा विचारून पाहिलं, तेव्हाच्या डीननी नाही म्हटलं. हिशेबाच्या वहीत २००८ नंतर एक डॉलर नाही. पण तो निर्णय देणगीचा होता. दाराचा प्रश्न त्यात नव्हताच, म्हणून दार उघडं राहिलं. मला झोंबतं ते हे. आणि हे ‘नाव किती वेळा आलं’ मोजून सात जन्मात सापडणार नाही.

मोजणी का फसते तेही सांगते, कारण उद्या अशा आणखी दहा याद्या येतील.

न्यायालयाच्या कागदांपासून सुरू करते. जुफ्रे विरुद्ध मॅक्सवेल (पीडित व्हर्जिनिया जुफ्रे, आणि एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल), न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमधला बदनामीचा दिवाणी खटला, क्रमांक १:१५-सीव्ही-०७४३३. यातला ‘१५’ म्हणजे खटला दाखल झाल्याचं वर्ष, ‘सीव्ही’ म्हणजे दिवाणी. २०१७ मध्ये तडजोड झाली, आणि सीलबंद कागदांचे दोन मोठे गठ्ठे पुढे खुले झाले, ऑगस्ट २०१९ आणि जानेवारी २०२४ मध्ये. पेसर या सरकारी साइटवर पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. ‘कोर्टलिसनर’वर बरंचसं फुकट आहे. म्हणजे मूळ कागद बघितला नाही याला सबब नाही.

त्या गठ्ठ्यांत शपथेवरच्या जबान्या आहेत. जबानीत वकील विचारतो, तुम्ही अमक्याला भेटलात का? उत्तर येतं, नाही. वकील तेच चार प्रकारे फिरवून विचारतो. चार वेळा नाही. संगणकाला तिथे ते नाव चारदा दिसतं, ‘नाही’ दिसत नाही. वर जबानीच्या शेवटी शब्दसूची जोडलेली असते, कुठला शब्द कुठल्या पानावर कितव्या ओळीत, त्यात ते नाव पुन्हा. शिवाय बऱ्याच जबान्या एका कागदावर चार पानं बसवून दाखल केलेल्या असतात. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं आणि डाव्या पानावरचा प्रश्न उजव्या पानावरच्या उत्तराला जोडतं. असा भलताच ‘हो’ एखाद्याच्या नावाला चिकटलेला स्क्रीनशॉट फिरू लागला की मग काय, निकाल लागलाच. जबानी वाचायची तर पीडीएफचं चित्र समोर ठेवून, ओळ क्रमांक बघत, आधीची आणि नंतरची दोन दोन पानं धरून वाचायची. दुसरा उपाय नाही.

मग अमेरिकी संसदेचे कागद. तिथल्या हाउस ओव्हरसाइट समितीने १२ नोव्हेंबर २०२५ ला एपस्टीनच्या इस्टेटकडून (त्याच्या मागे राहिलेली मालमत्ता सांभाळणाऱ्यांकडून) आलेली सुमारे २०,००० पानं खुली केली. पानाच्या तळाशी ‘हाउस ओव्हरसाइट’ आणि पुढे सहा आकडी क्रमांक असतो. तो टिपून ठेवल्याशिवाय काहीही शेअर करू नका, निदान दुसऱ्याला तपासता तरी येईल. न्याय खात्याचे कागद वेगळे, त्यांचे क्रमांक वेगळे. ते खुले करायला भाग पाडणारा कायदा १९ नोव्हेंबर २०२५ चा. एकच ईमेल दोन्हीकडे असू शकतो, दोन वेगळ्या क्रमांकांनी. यादी करणाऱ्याने दोन्ही मोजले की आकडा दुप्पट.

ईमेलच्या मजकुरात ओळीच्या शेवटी बरोबरचं चिन्ह घुसलेलं दिसतं ना, ती काही सांकेतिक भाषा नाही. ईमेल साठवण्याच्या पद्धतीतला तो ओळ तोडायचा खुणेचा दगड, बाहेर काढताना साफ केला नाही म्हणून राहिला. पण त्याने शब्द मधेच तुटतो आणि शोधात सापडत नाही. त्यात एपस्टीनचं स्पेलिंग भयंकर, म्हणून चुकीची स्पेलिंगं टाकूनही शोधावं लागतं. वेळेचंही तसंच. काही ईमेलवर जागतिक प्रमाणवेळ असते, ती बॉस्टनच्या चार-पाच तास पुढे. संध्याकाळी पाठवलेलं पत्र दुसऱ्या दिवसाच्या तारखेने दिसतं, आणि लोक त्यावरून भेटी जुळवत बसतात.

पत्त्याकडे तर कुणी बघतच नाही. ‘पोस्ट डॉट हार्वर्ड डॉट ईडीयू’ हा पत्ता माजी विद्यार्थ्यांचा. तीस वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेला बँकवालाही तो वापरू शकतो. ‘एफएएस डॉट हार्वर्ड’ असेल तर तिथल्या कला-विज्ञान शाखेचा माणूस. आजच्या यादीत हे सगळे एका माळेत ओवलेत. एपस्टीनच्या विमानाच्या नोंदवहीतही तेच. पायलटने हाताने लिहिलेली अक्षरं, ‘बीईडी’ म्हणजे बॉस्टनजवळच्या बेडफर्डचा हॅन्सकम विमानतळ. विमान तिथे उतरलं यातून विमान तिथे उतरलं एवढंच कळतं.

हो, मान्य. आकड्यावरून कधी कधी धागा सापडतो. पण धागा धरून पुढे जायचं असतं, तिथेच तंबू ठोकायचा नसतो.

पुढे म्हणजे कुठे, तर पैशाच्या मागे, आणि तिथे ‘एपस्टीन’ हे नाव शोधून भागत नाही. त्याच्या संस्थांची नावं टाकून शोधावं लागतं: ग्रॅटिट्यूड अमेरिका, एन्हान्स्ड एज्युकेशन, सी.ओ.यू.क्यू. फाउंडेशन. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. वरच्या कोपऱ्यात कुठलं आर्थिक वर्ष ते आधी बघायचं, मग मागच्या पानांवर दान कुणाला दिलं त्याची यादी. ग्रॅटिट्यूड अमेरिकाने २०१६ मध्ये १ लाख १० हजार डॉलर कवितेवरचा कार्यक्रम करणाऱ्या एका संस्थेला दिले. ती संस्था हार्वर्डच्या एका प्राध्यापिकेची, पण विद्यापीठाबाहेर नोंदलेली. म्हणून ती रक्कम ९१ लाखांत नाही. विद्यापीठाने लपवली नाही, त्यांच्या वहीत ती कधी आलीच नव्हती. अशी बाहेरून जाणारी वाट शोधायची असते.

पदाचंही तसंच. २००५ मध्ये त्याला मानसशास्त्र विभागात व्हिजिटिंग फेलो, म्हणजे पाहुणा संशोधक, केलं. त्या जागेसाठी लागणारं शिक्षण त्याच्याकडे नव्हतं, आणि शिफारस केली ती त्याच्याकडून आधी संशोधनासाठी २ लाख डॉलर मिळालेल्या विभागप्रमुखांनी. दुसऱ्या वर्षीही प्रवेश मंजूर झाला होता! २००६ मध्ये अटक झाली म्हणून त्याने तो सोडला. विद्यापीठाने काढला नाही. हे वाचताना दर वेळी डोकं फिरतं.

शेजारच्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात उलटा प्रकार. २००२ ते २०१७ मध्ये दहा देणग्या, एकूण साडेआठ लाख डॉलर, त्यातल्या नऊ शिक्षेनंतरच्या. देणगीदारांच्या नोंदींत तो अपात्र म्हणून लिहिलेला, आणि तिथल्या मीडिया लॅब या संशोधन केंद्रात पैसे निनावी म्हणून जमा. रक्कम हार्वर्डच्या मानाने किरकोळ. म्हणून नुसत्या रकमांची तुलना करून कोण जास्त वाईट ते ठरवणाऱ्यांचंही मला काही कळत नाही. एकाने नाव पुसून पैसा घेतला, दुसऱ्याने पैसा नाकारून माणसाला किल्ली दिली.

हार्वर्डने निदान अहवाल छापला, हे कबूल करावं लागेल. ते खासगी विद्यापीठ आहे, मॅसॅच्युसेट्सच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याने त्यांच्याकडून प्राध्यापकांचे ईमेल मागवता येत नाहीत. छापला नसता तर खोली ६१० कुणाला कळली नसती. खोली ६१० असलेल्या विभागाचे प्रमुख मार्टिन नोवाक यांच्यावर २०२१ मध्ये कारवाई झाली, तो विभाग बंद झाला. पण चौकशी विद्यापीठाच्याच वकिलांच्या देखरेखीखाली, बाहेरची फर्म जोडीला घेऊन. आणि नोव्हेंबर २०२५ च्या ईमेलमध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष लॅरी समर्स यांचा एपस्टीनशी पत्रव्यवहार ५ जुलै २०१९ पर्यंत चालू दिसला, म्हणजे त्याच्या अटकेच्या आदल्या दिवसापर्यंत. समर्स यांच्यावर कुठलाही गुन्हा नाही, हेही लिहून ठेवते. पण विद्यापीठाला पुन्हा चौकशी उघडावी लागली ती संसदेच्या कागदांमुळे.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, आणि एक गोष्ट आठवली. २०१४ मध्ये त्या विभागाच्या वेबसाइटवर एपस्टीनचं कौतुक करणारं पान होतं, त्याच्या प्रसिद्धीवाल्यांच्या सांगण्यावरून टाकलेलं. ते उतरलं ते लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या एका संघटनेने तक्रार केली म्हणून. वर सांगितलेले गठ्ठे खुले व्हायच्या कितीतरी आधी. व्हर्जिनिया जुफ्रेने २०१५ ला खटला भरला नसता तर आज ज्यातून नावं मोजताय त्यातले कितीतरी कागद तयारच झाले नसते. ती एप्रिल २०२५ मध्ये गेली.

म्हणून यादीबरोबर फिरणाऱ्या त्या स्क्रीनशॉटबद्दल. त्यात खालून चौथ्या ओळीत एका पीडितेचं नाव उघडं आहे. झाकायचं राहून गेलेलं. ज्यांनी पाठवलाय त्यांनी आधी तो सगळ्यांसाठी डिलीट करा. कागद दाखवायचाच असेल तर ती ओळ कापून टाका. कापता येत नसेल तर पीडीएफवर काळा चौकोन ठेवून थांबू नका, त्याखालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतो. फोनमधला हायलायटर नको, तो कितीही वेळा फिरवला तरी उजेड वाढवला की खालचं दिसतं. गच्च काळा चौकोन ठेवा, मग त्या पडद्याचा नव्याने स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच पाठवा. मूळ फाइल नाही.