चार मुली आणि एक सँडविच

स्पाइक लीची 'फोर लिटल गर्ल्स' ही १९९७ची डॉक्युमेंटरी परवा पुन्हा पाहिली. या वेळी लेक शेजारी होती, म्हणून असेल, पण एका जागी दिग्दर्शकाशी भांडावंसं वाटलं.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या पायऱ्यांखाली कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी ठेवलेले डायनामाइट फुटले. तळघरात असलेल्या चार काळ्या मुली गेल्या. डेनिस मॅकनेर ११ वर्षांची, बाकी तिघी १४च्या.

फिल्ममध्ये मध्येच शवागारातले फोटो येतात. क्षणभरच, पण येतात. लेकीने उशीत तोंड खुपसलं. समर्थन करणारे लगेच एमेट टिलचं नाव घेतील. १९५५मध्ये मिसिसिपीत त्या १४ वर्षांच्या पोराला हाल करून मारलं, तेव्हा शिकागोत त्याच्या आईने, मेमीने, शवपेटी उघडी ठेवली. लेकराचं काय केलंय ते जगाने बघू दे म्हणाली. कबूल. पण ते आईने ठरवलं होतं, अंत्यविधीच्या वेळी. संकलनाच्या टेबलावर चौतीस वर्षांनी फोटो निवडणं ही वेगळी गोष्ट आहे. (व्हॉट्सॅपवर मृतदेहांचे फोटो बिनदिक्कत फॉरवर्ड करणाऱ्या आपल्याला हा फरक कळणं अवघडच.)

आणि गरजच काय होती? डेनिसचे वडील ख्रिस मॅकनेर त्याच फिल्ममध्ये एक आठवण सांगतात. छोट्या डेनिसला दुकानातल्या लंच काउंटरवरचं सँडविच हवं होतं. तू काळी आहेस म्हणून ते तुला मिळणार नाही, हे बापाला तिला सांगावं लागलं. बस, एवढंच. शांत आवाज, समोर कॅमेरा. इथे लेकीने मला पॉज करायला लावलं आणि विचारलं, "मग ती रडली का?"

स्फोटाइतकीच हिंसा त्या सँडविचमध्ये आहे, आणि ती दाखवायला रक्ताचा थेंब लागत नाही. ली हे जाणतो, म्हणून तर राग जास्त. म्हातारे, आजारी जॉर्ज वॉलेस, एकेकाळचे वर्णभेदाचे कट्टर समर्थक गव्हर्नर, आपल्या काळ्या मदतनिसाला जवळ बोलावून हा माझा जिवलग मित्र म्हणतात, तो प्रसंग बघा. वॉलेस काय बोलतात त्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्या मदतनिसाचा अवघडलेला चेहरा बघत होते.

स्फोटाच्या चार संशयितांपैकी पहिल्याला शिक्षा १९७७मध्ये झाली. उरलेल्यांपैकी दोघांना २००१ आणि २००२मध्ये, म्हणजे फिल्म येऊन गेल्यावर. चौथा १९९४मध्येच मेला, खटला न चालता.

लेकीला मी उत्तर दिलं नाही. पुन्हा प्ले केलं.