तोंडाचा रकाना कुठाय?

आज सकाळी आत्याच्या केअर सेंटरकडून व्हॉट्सॲपवर महिन्याचा रिपोर्ट आला. बीपी, शुगर, वजन, शी किती वेळा, डायपर किती लागले, केस कधी धुतले, नखं कधी कापली. सोबत भजनाच्या कार्यक्रमाचे फोटो, सगळ्या आज्यांच्या डोक्यात गजरे. छानच आहे, नावं ठेवत नाहीये. पण दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं, तोंडाबद्दल एक अक्षर नाही. दात घासले का, कवळी काढली का, काही नाही. नखांना रकाना आहे आणि तोंडाला नाही! फोन केला तर मॅनेजर म्हणतात, "मॅडम ते रोजचं असतंच हो, त्यात काय लिहायचं."

इथे माझं डोकं फिरलं. कारण हे "असतंच" मी आधीच्या सेंटरमध्येही ऐकलंय.

तिथे आत्या जेवेनाशी झाली होती. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची, हात ढकलायची. सगळ्यांनी ठरवून टाकलं की डिमेन्शिया वाढला. एक नातेवाईक म्हणाले, या वयात अन्नावरची वासना उडतेच. न्यू जर्सीहून दादाचा फोन, नळी घालायची का ते विचार. म्हणजे नाकातून नळी घालायची बोलणी सुरू, आणि तोपर्यंत एकाही माणसाने टॉर्च घेऊन तिच्या तोंडात बघितलेलं नाही. राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा नाही! शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्ट मुलीला घेऊन गेले. तिने हातमोजे चढवले, आत्याशी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि हळूच वरचा ओठ उचलला. वरची कवळी आतच होती, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. काढली तेव्हा आलेला वास मी इथे लिहीत नाही. टाळू लालभडक, त्यावर पांढरे चट्टे, बुरशी झालेली, आणि कवळीची कड रुतून हिरडीला जखम. हे तोंडात घेऊन ती बाई पोळी चावणार होती?

औषध लावलं, कवळी बाहेर ठेवली, आणि काही दिवसांत आत्या मेतकूट-भात खायला लागली. डिमेन्शिया होता तिथेच आहे. जेवण तेवढं परत आलं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "या मावशी लोक ना, हलगर्जी असतात." तर थांबा. त्याच मावशी आत्याची कूस दर दोन तासांनी बदलत होत्या, पाठीला एक जखम होऊ दिली नाही त्यांनी. मला म्हणाल्या, "ताई, मला वाटलं खरेच दात हायेत, एवढे चांगले दिसतात." कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना! डायपर बदलायला शिकवलं, बीपीचं मशीन लावायला शिकवलं, तोंडाचं फक्त "ब्रश करून घ्या". त्या स्वतः बोटाने मिश्री लावतात, तशी बोटावर पेस्ट घेऊन आत्याच्या तोंडात घातली, ती कचकन चावली. परत कोण घालेल बोट?

त्या डेंटिस्ट मुलीने तिथेच अर्ध्या तासात मावशींना गोळा करून शिकवलं, मी शेजारी उभी होते. सरळ बसवायचं, आडवं असताना घासायचं नाही. समोरून एकदम अंगावर जायचं नाही, बाजूला बसायचं. ब्रश आधी आजींच्याच हातात द्यायचा आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवायचा, अंगवळणी पडलेलं असतं, बऱ्याचदा हात आपोआप चालतो. पेस्ट वाटाण्याएवढी. हनुवटी जरा खाली, म्हणजे ठसका लागत नाही. बोट दातांमध्ये घालायचं नाही म्हणजे नाही. कवळी रात्री काढायची, खाली बेसिनमध्ये पाणी साठवून धुवायची, हातातून निसटली तरी फुटत नाही. तिला पेस्ट लावायची नाही, ओरखडे पडतात, साधा साबण चालतो. गरम पाणी नको, वाकडी होते. रात्रभर साध्या पाण्यात, डबीवर नाव घालून. एका मावशींनी विचारलं, "आन् ज्यांना एकपण दात नाही त्यांचं?" त्यांच्याही हिरड्या आणि जीभ रोज पुसायची. काय नेमका प्रश्न! आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाही सुचला नव्हता.

आणि हे नुसतं तोंडाच्या वासापुरतं नाहीये. ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांच्या तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या वृद्धाश्रमांत जेवणानंतर दात घासून घेतले तर न्यूमोनिया कमी झाला, हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलंय. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमांसाठी २०१६ पासून गाईडलाईन आहे, माणूस दाखल झाला की तोंड तपासा, रोज काय करायचं ते लिहून ठेवा, स्टाफला शिकवा. आपल्याकडे ॲडमिशनच्या फॉर्मवर आवडता देव विचारतात.

बरं, मान्य, माणसं कमी आहेत, बारा-बारा तासांची ड्यूटी आहे, आणि काही पेशंट खरंच चावतात, थुंकतात. मॅनेजरबाईही काही वाईट नाहीत, मी सकाळी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले. पण मुलांच्या शाळेत शंभर प्रश्न विचारणारे आपण, इथे महिन्याला इतके पैसे मोजून एवढंही विचारायचं नाही? ज्यांच्या घरी नर्सिंग ब्युरोच्या मावशी आहेत त्यांनीही आज बाबांना आ करायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघा. गालाच्या आत, जिभेखाली. औषधांनी तोंड कोरडं पडतं, कालचा भातसुद्धा तिथे सापडतो.

पुण्यात डेंटल कॉलेजं काय कमी आहेत का? भारती विद्यापीठ, रांगूनवाला, सिंहगड, पिंपरीला डी. वाय. पाटील. इंटर्न पोरं शाळांमध्ये कॅम्प घेतात, तशी एक दुपार वृद्धाश्रमात गेली तर काय बिघडतंय?

तर फ्रेंडलिस्टमधले डेंटिस्ट, इनबॉक्स करा. आत्याच्या सेंटरला मी मॅनेजरबाईंकडून एक शनिवार कबूल करून घेतलाय. संध्याकाळी साडेसातला या, आठला ड्यूटी बदलते, दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही मावशी एकदम भेटतात. कवळी रात्रीच्या मावशींनाच काढायची असते, त्यामुळे सकाळची वेळ देऊ नका. चहा-पोहे माझ्याकडून.